गर्दीच्या वाफ्यात जाई-जुई लावताय? या चुका टाळा

पुण्यात पहिला दमदार पाऊस झाला की नर्सरीत जाई-जुईच्या पिशव्यांवर उड्या पडतात. दिवाळीच्या सुमारास फोन सुरू होतात: वेल धरत नाही, कुठलं खत घालू? खताचं नंतर बघू. आधी बुडाशी उकरा.

सगळ्यात घातक चूक म्हणजे पिशवीतला मातीचा गोळा तसाच खड्ड्यात ठेवणं. नर्सरीतली लाल चिकण माती एकदा सुकली की पाणी आत घेत नाही, ते बाजूनं निघून जातं. कोथरूडच्या एका सोसायटीत तगर आणि जास्वंदीच्या मधल्या वीतभर जागेत जुई लावली होती. माळीदादा रोज पाइपनं वाफा भिजवायचे, तरी पानं पिवळी. कमिटीतल्या एका काकांनी मूठभर युरिया टाकला आणि शेंडेही करपले. मी खुरप्यानं उकरलं. वरची दोन बोटं माती ओली, खाली गोळा अजून पिशवीच्याच आकाराचा, आतून कोरडा ठणठणीत. भोवती तगरीच्या मुळांचं जाळं, त्याखाली विटांचे तुकडे, बांधकामाचा राडारोडा. त्या जुईनं मुळं पसरायची तरी कुठे?

मी गोळा आधी पाण्याच्या बादलीत बुडवते, बुडबुडे थांबेपर्यंत. गोल फिरलेली मुळं कात्रीनं कापते. खड्डा दीड फुटाचा, राडारोडा उपसून, शेणखत मिसळून. झुडपाच्या बाजूला शहाबादी फरशीचा तुकडा उभा गाडते, म्हणजे शेजारची मुळं निदान पहिलं वर्ष अडतात. रोजच्या शिंपडण्यापेक्षा एक दिवसाआड बुडाशी सावकाश बादलीभर पाणी द्या. एप्रिल-मेमध्ये पालापाचोळ्याचा थर हवाच.

छज्जाखाली भिंतीला चिकटून लावू नका, तिथे पाऊस पोचत नाही. हातभर लांब लावा, काठी भिंतीकडे तिरकी टेकवा. तारेनं आवळू नका, सुतळी सैल बांधा.

सिंहगडाच्या वाटेवरची मोरवेल उपटून आणणाऱ्यांना हात जोडून विनंती: मुळं तुटतात, वेल घरीही जगत नाही आणि डोंगरावरूनही जाते.

पहिल्याच वर्षी गजऱ्याइतकी फुलं मागणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं. शेंडा खुडायला त्यांचा हात धजत नाही, मग एकच काटकुळी फांदी गच्चीपर्यंत जाते आणि बुडाशी नुसत्या काड्या उरतात. वेल गुडघ्याएवढी झाली की शेंडा खुडा, फुटव्यांचे शेंडे पुन्हा खुडा. मोठी छाटणी पुढच्या जानेवारीत.