परदेशी पाहुणा घरी उतरला, आता सी फॉर्म कसा भरावा

तारकर्लीत निवास-न्याहारी चालवते, परदेशी पाहुणे दर हंगामात असतात. सी फॉर्म म्हणजे परदेशी पाहुणा आपल्याकडे मुक्कामाला असल्याची घरमालकाने सरकारकडे करायची ऑनलाइन नोंद. "एका रात्रीसाठी कोण नोंद करतं?" असं सांगणारे इथे पैशाला पासरी मिळतात. त्यांचं अजिबात ऐकू नका. एक रात्र असली तरी पाहुणा आल्यापासून २४ तासांत नोंद व्हायलाच हवी. १ सप्टेंबर २०२५ पासून चार जुने कायदे जाऊन परदेशी नागरिकांसाठी एकच नवा कायदा आला, पण ही जबाबदारी घरमालकावरच राहिली. गावात अजूनही सगळे 'सी फॉर्म'च म्हणतात.

हा फॉर्म ऑनलाइन भरायच्या लॉगिनला पोलीस अधीक्षक कार्यालयाची मंजुरी लागते, आपल्याकडे ती ओरोसहून मिळते. हंगामाआधी उरकून घ्या.

बुकिंग पक्कं झालं की पाहुण्याला घराचा पूर्ण पत्ता पिनकोडसह पाठवा. १ ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी प्रवाशांना भारतात उतरण्याआधीच्या ७२ तासांत ई-अरायव्हल कार्ड भरावं लागतं आणि त्यात मुक्कामाचा पत्ता विचारतात. हे कार्ड फुकट आहे, पैसे मागणाऱ्या साइटवर जाऊ नका, असंही कळवा.

खरी मेख पासपोर्टवरून माहिती उतरवताना आहे. एका जर्मन पाहुण्यांच्या आडनावात यू अक्षरावर दोन टिंबं होती. मी टिंबं सोडून नुसता यू टाकला. दुसऱ्या दिवशी पोलिसांचा फोन आला, नाव जुळत नाही म्हणून. पाहुणे स्कूबाला गेलेले, पासपोर्ट त्यांच्या बॅगेत, आणि मी मालवणच्या जेटीवर उन्हात दोन तास त्यांची वाट बघत उभी!

तेव्हापासून मी आधी फोटोच्या पानाच्या तळाच्या दोन ओळी वाचते. पहिल्या ओळीत देशाच्या खुणेनंतर आडनाव, मग दोन कोनी खुणा, मग नाव. टिंबवाला यू तिथे सरळ 'यू-ई' असा छापलेला असतो. दुसऱ्या ओळीत पासपोर्ट नंबर, मग जन्मतारीख वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने: ९१०३०७ म्हणजे ७ मार्च १९९१. व्हॉट्सॲपवर आलेली तारीख कधीच उतरवू नका, अमेरिकन माणूस महिना आधी लिहितो. जर्मन पासपोर्टच्या नंबरात गोल दिसलं तर ते शून्यच, ओ नव्हे.

भारतात आल्याची तारीख पाहुण्याला विचारू नका, शिक्का बघा. विमान मध्यरात्रीनंतर उतरलं तरी तो निघाल्याचा दिवस सांगतो.

पाहुणा विद्यार्थी असेल आणि "माझी नोंद झालीय" म्हणाला, तरी आपला फॉर्म भराच. १८० दिवसांपेक्षा मोठ्या व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याला १४ दिवसांत ई-एफआरआरओवर (परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी साइटवर) करावी लागते ती नोंद त्याची स्वतःची. आपली नोंद वेगळी.

पाहुण्याचा फोटो जोडा, फॉर्म पाठवा, प्रिंट फायलीत लावा. पावसाळ्यात रेंज जाते, तेव्हा हे काम चहा टाकण्याआधी, पाहुणा पडवीत बसलेला असतानाच करा.