होम, प्रो की एंटरप्राइज? विंडोजचं नेटवर्क जुळवताना या चुका टाळा

आपल्याकडे एडिशनलाही आवृत्ती म्हणतात आणि व्हर्जनलाही आवृत्तीच. पुस्तकाच्या बाबतीत हे खपून जातं, विंडोजच्या बाबतीत मात्र या एका शब्दापायी अख्खी दुपार वाया जाऊ शकते. ‘विंडोज ११ प्रो २४एच२’ हे नाव घ्या. यातलं ‘प्रो’ म्हणजे एडिशन. ती तुम्ही विकत घेतलेली असते आणि नवी लायसन्स की घातल्याशिवाय बदलत नाही. ‘२४एच२’ हे व्हर्जन. ते अपडेटबरोबर बदलतं, कधी कधी तुमच्या नकळत. म्हणून या लेखात मी ‘आवृत्ती’ हा शब्दच टाळणार आहे.

नेटवर्कची तक्रार घेऊन कुणी आलं की पहिला प्रश्न हाच विचारा: एडिशन कोणती आणि व्हर्जन कोणतं? विंडोज की आणि R एकत्र दाबून उघडणाऱ्या रनच्या खिडकीत विनव्हर (winver) टाईप केलं की दोन्ही एकाच ठिकाणी दिसतात. काल चालत होतं आणि आज बंद पडलं, तर संशय व्हर्जनवर घ्या. एडिशन रातोरात बदलत नाही. जे पहिल्या दिवसापासून कधी चाललंच नाही, तिथे एडिशन तपासण्यात अर्थ आहे.

महाग एडिशन म्हणजे कमी कटकट, हा समज

या समजाने मलाही फसवलं आहे. एकाच राउटरवर दोन लॅपटॉप होते, दोन्ही विंडोज ११ चे, एक होम आणि एक प्रो. नेटवर्कवरच्या स्टोरेजचा (राउटरला जोडलेल्या, सगळ्यांनी मिळून वापरायच्या डिस्कचा) सामायिक फोल्डर होमवर लगेच उघडायचा, प्रोवर मात्र साफ नकार. मी फायरवॉल पाहिली, केबल बदलली, राउटर बंद करून चालू केला. प्रोवर संशय घेण्याचं मनातच आलं नाही. महागातली एडिशन, ती कशाला कमी पडेल?

ती कमी पडली नव्हती, जास्त कडक होती. ते स्टोरेज पासवर्ड न मागता पाहुणा म्हणून आत घेणारं होतं. असा पाहुणा प्रवेश एंटरप्राइज आणि एज्युकेशन या एडिशन्सनी विंडोज १० च्या १७०९ व्हर्जनपासूनच बंद केला होता. विंडोज ११ च्या २४एच२ मध्ये प्रोचीही पाळी आली. होमवर तो अजून चालतो. याच २४एच२ पासून प्रो, एंटरप्राइज आणि एज्युकेशन या तिघी फाइल शेअरिंगच्या प्रत्येक जोडणीवर डिजिटल सही मागतात. दोन्ही बाजूंची ओळख पटावी आणि मधल्या मध्ये कुणी मजकूर बदलू नये, यासाठी ती सही असते. जुन्या स्टोरेजला किंवा राउटरच्या यूएसबीला लावलेल्या हार्ड डिस्कला ती करता आली नाही, तर जोडणी तुटते.

इथे बहुतेक जण सही आणि पाहुण्याची बंदी दोन्ही उठवून मोकळे होतात. तसं करता येतं, पण ते दार उघडं टाकून झोपण्यासारखं आहे. स्टोरेजवर नाव देऊन एक वापरकर्ता तयार करा, त्याला पासवर्ड द्या आणि विंडोजमध्ये तोच भरा. पाहुण्याचा प्रश्न तिथेच मिटतो. सहीसाठी आधी स्टोरेजचं फर्मवेअर (त्या यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून पाहा, कारण कित्येक यंत्रांत ती सोय असते, फक्त बंद ठेवलेली असते.

एंटरप्राइजची आणखी एक गंमत वाय-फायमध्ये दिसते. विंडोज ११ च्या २२एच२ पासून पात्र संगणकांवर क्रेडेन्शियल गार्ड, म्हणजे लॉगिनची माहिती चोरीपासून वाचवणारी सोय, आपोआप चालू होतो. लॉगिनचाच पासवर्ड वापरून आपोआप जोडलं जाणारं, पीईएपी-एमएसचॅप-व्ही२ या पासवर्डने ओळख पटवणाऱ्या पद्धतीचं कार्यालयीन वाय-फाय किंवा व्हीपीएन (इंटरनेटवरून खासगी नेटवर्कमध्ये येण्याचा सुरक्षित मार्ग) असेल, तर ही आपोआप ओळख बंद पडते आणि माणूस पासवर्ड चुकला म्हणून तो पुन्हा पुन्हा टाकत बसतो. पासवर्ड बरोबरच असतो. याचं खरं उत्तर डिजिटल प्रमाणपत्रावर आधारलेली ओळख हे आहे, आणि ते काम नेटवर्क सांभाळणाऱ्याचं आहे, वापरणाऱ्याचं नव्हे.

तक्त्यातली टिकमार्क वाचून निर्णय घेणं

एडिशन्सच्या तुलनेच्या तक्त्यात ‘रिमोट डेस्कटॉप’समोर (दुसरा संगणक दुरून चालवण्याची सोय) टिकमार्क असतो. कुणी कुणाला चालवायचं, हे त्या टिकमार्कमधून कळत नाही. होम एडिशनवरून तुम्ही दुसऱ्या संगणकात शिरू शकता, त्यासाठीचं ॲप होमवरही असतं. पण होमच्या संगणकात मात्र दुसऱ्याला रिमोट डेस्कटॉपने शिरता येत नाही. त्यासाठी समोरचा संगणक प्रो, एंटरप्राइज किंवा एज्युकेशन असावा लागतो. थोडक्यात, प्रो लागते ती जिथे पोहोचायचं त्या संगणकावर. मी लोकांना प्रवासातल्या लॅपटॉपसाठी प्रो घेताना आणि घरातला मुख्य संगणक होमवरच ठेवताना पाहिलं आहे.

होमवर बाहेरचे पॅच टाकून ही सोय उघडण्याचे प्रकारही चालतात. ते लायसन्सच्या विरुद्ध आहेत, शिवाय एखाद्या अपडेटनंतर नेमके गरजेच्या वेळी बंद पडतात. समोर कुणी बसलेलं असेल तर क्विक असिस्ट हे ॲप होमवरही चालतं. पलीकडच्या माणसाने परवानगी दिली की काम होतं.

प्रो असूनही रिमोट डेस्कटॉप जोडलं जात नसेल, तर एडिशनला दोष देण्याआधी या गोष्टी पाहा. संगणक झोपी गेला आहे का? खात्याला पासवर्ड आहे का? पासवर्ड नसलेल्या स्थानिक खात्याने नेटवर्कवरून आत येऊ द्यायचं नाही, हा विंडोजचा मूळ नियमच आहे. रोज पिन किंवा बोटाच्या ठशाने लॉगिन करणाऱ्यांचा घोटाळा वेगळा. पिन त्या एका यंत्रापुरता असतो, नेटवर्कवर पासवर्डच लागतो. साइन-इनच्या सेटिंगमध्ये ‘फक्त विंडोज हॅलो’ची अट चालू असेल तर ती काढा, एकदा प्रत्यक्ष पासवर्डने लॉगिन करा आणि मग दुरून प्रयत्न करा.

एक चूक मात्र अजिबात नको: राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ हा पोर्ट (नेटवर्कवरून आत येण्याचं दार) थेट इंटरनेटला उघडून देणं. त्या पोर्टवर पासवर्ड ठोकून पाहणारे प्रोग्रॅम दिवसरात्र फिरत असतात. आधी व्हीपीएनने घरच्या नेटवर्कमध्ये या, मग रिमोट डेस्कटॉप लावा. विंडोजमधला व्हीपीएन क्लायंट होममध्येही आहे, त्यासाठी प्रो लागत नाही.

‘प्रो घेतली की सर्व्हर झाला’

नाही होत. छोट्या कार्यालयात एका संगणकावर सगळ्यांच्या फाइल्स ठेवल्या जातात आणि माणसं वाढली की अचानक ‘आता आणखी जोडण्या होऊ शकत नाहीत’ अशा अर्थाचा संदेश येतो. विंडोज १० आणि ११ च्या होमला जी मर्यादा, तीच प्रोला: एका वेळी २० जोडण्या. एक्सपीच्या काळात होमला ५ आणि प्रोफेशनलला १० असा फरक होता, तिथूनच हा गैरसमज रुजला असावा. रिमोट डेस्कटॉपचंही तसंच. प्रोवर एका वेळी एकच जण काम करू शकतो, दुरून कुणी शिरलं की समोरचा पडदा कुलूपबंद होतो. अनेकांना एकाच वेळी बसवायचं असेल तर विंडोज सर्व्हर घ्यावा लागतो. नुसत्या फाइल्सपुरतं काम असेल तर नेटवर्क स्टोरेज पुरतं.

जुने उपाय नव्या व्हर्जनवर

होमग्रुप (घरातल्या संगणकांमध्ये फाइल्स वाटून घेण्याची जुनी सोय) शोधत बसू नका. विंडोज ७ मध्ये आलेली ही सोय विंडोज १० च्या १८०३ व्हर्जनमधून काढून टाकली. प्रो घेतली तरी ती परत येणार नाही. गंमत अशी, की विंडोज ७ च्या दिवसांत इथे एडिशनला खरंच महत्त्व होतं: स्टार्टर आणि होम बेसिकवर होमग्रुपमध्ये सामील होता यायचं, तो तयार करता यायचा नाही. त्या काळचे लेख आजही सापडतात आणि वाचणारा गोंधळतो.

दुसरा जुना उपाय जास्त धोक्याचा. एक्स्प्लोररच्या ‘नेटवर्क’मध्ये दुसरा संगणक दिसत नाही म्हणून एसएमबी१ (फाइल शेअरिंगचा जुना प्रोटोकॉल, म्हणजे संगणकांनी आपसात बोलण्याची पद्धत) चालू करणं. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस एसएमबी१ मधल्याच भोकातून पसरला. त्याच वर्षीच्या १७०९ पासून विंडोजने हा जुना प्रोटोकॉल काढायला सुरुवात केली. तुम्ही तो हाताने चालू केलात, तरी आपोआप काढून टाकण्याचा पर्याय टिक केलेला असेल आणि चालू संगणकावर १५ दिवस तो वापरला गेला नाही, तर विंडोज तो पुन्हा काढते. ‘गेल्या महिन्यात तर चालत होतं’ या तक्रारीमागे कधी कधी हेच असतं.

यादीत नाव न दिसणं आणि फोल्डर न उघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲड्रेस बारमध्ये दोन उलट्या तिरप्या रेघा आणि पुढे त्या संगणकाचा आयपी पत्ता टाका. फोल्डर उघडला तर शेअरिंग ठीक आहे, फक्त शोध बंद आहे. मग नेटवर्कचं प्रोफाइल ‘पब्लिक’वर अडकलं आहे का ते पाहा, ते ‘प्रायव्हेट’ करा आणि नेटवर्क डिस्कव्हरी चालू करा. हे सगळं प्रत्येक एडिशनमध्ये सारखंच आहे.

एका सेटिंगसाठी एडिशन बदलणं

होममध्ये ग्रुप पॉलिसी एडिटर (विंडोजचे नियम एका जागी बदलण्याची खिडकी) नाही, म्हणून एखादी सूचना वाचता वाचता अडलेला माणूस प्रोची चौकशी करू लागतो. पॉलिसीच्या पुष्कळ सेटिंग शेवटी रजिस्ट्रीतच (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) लिहिल्या जातात, आणि फाइल शेअरिंगच्या बऱ्याचशा पॉवरशेलनेही (टाईप केलेल्या आज्ञांनी) बदलता येतात. तेवढ्यासाठी खर्च नको. होमवर तो एडिटर उगवून आणणाऱ्या स्क्रिप्टही नकोत. खिडकी उघडते, पण तिथे केलेला बदल होम मानेलच असं नाही.

डोमेनमध्ये (कंपनीच्या सर्व्हरवरून सांभाळल्या जाणाऱ्या नेटवर्कमध्ये) सामील व्हायचं असेल तर मात्र प्रोला पर्याय नाही. होममध्येही ‘वर्क किंवा स्कूल’ खातं जोडण्याचं पान दिसतं, खातं जोडलंही जातं, आणि आपण कंपनीच्या नेटवर्कमध्ये सामील झालो असं वाटतं. प्रत्यक्षात यंत्राची फक्त नोंदणी झालेली असते. कंपनीच्या सर्व्हरवरच्या खात्याने त्या यंत्रावर लॉगिन करता येत नाही.

होमवरून प्रोवर जाताना फाइल्स आणि प्रोग्रॅम जागेवर राहतात, लायसन्स की घालून एकदा रीस्टार्ट केलं की झालं. उलटा प्रवास तसा नाही. प्रोवरून होमवर यायचं तर विंडोज नव्याने टाकावी लागते, म्हणून ‘बघू, नाही जमलं तर परत होम करू’ असं ठरवण्याआधी बॅकअप घेऊन ठेवा.