डाळमिलचे जुने मीटर इंटरनेटला कसे जोडायचे

जळगाव एमआयडीसीत अजून आरएस-४८५ च्या (दोन वायरींवरून डेटा पाठवायची पद्धत) वायरीवर मॉडबसचे (मशीनची आपसात बोलायची भाषा) जुने मीटर असतील तर ते फेकू नका भाऊ, मधे एक मॉडबस गेटवे टाका, तो त्यांचा डेटा टीसीपी-आयपीत, म्हणजे इंटरनेटच्या भाषेत, बदलून ऑफिसच्या राउटरकडे देतो. आधी प्रत्येक मीटरला वेगळा आयडी द्या, १ ते २४७ मधला, बॉड रेट (डेटाचा स्पीड) अन् पॅरिटी (चूक तपासायची सेटिंग) सगळीकडे सेम, लाईनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर. रीडिंग येत नसेल तर पहिले ए-बी वायरी (लाईनच्या त्या दोन वायरी) उलट करून बघा, सगळ्या कंपन्या ही नावं सारखी लिहीत नाहीत. आणि मनापासून सांगतो, राउटरवर पोर्ट ५०२ (मॉडबसचा नेहमीचा दरवाजा) डायरेक्ट इंटरनेटला उघडू नका, साध्या मॉडबसला पासवर्डच नसतो, कोणीपण आत येऊन सेटिंग बदलेल, धुळ्यात बसून रीडिंग बघायचंय तर व्हीपीएन (इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित खाजगी रस्ता) लावा.