लॉनच्या मॅनेजरला तुमचं नाव आठवलं पाहिजे: नागपुरात डीजेचं काम कसं मिळवायचं

माझ्या फोनमध्ये लॉनच्या, म्हणजे लग्नं होतात त्या मोकळ्या मैदानांच्या, मॅनेजरांचे नंबर रस्त्यांच्या नावानं सेव्ह केलेले आहेत. काटोल रोड दादा, बेसा काका, मानेवाडा मॅडम, हिंगणा रोड नवीन. माझ्याकडची बहुतेक लग्नं या नंबरांवरूनच येतात. नवीन मुलं-मुली विचारतात, "ताई, काम कसं भेटते?" तेव्हा मी त्यांना आधी विचारते की मागच्या महिन्यात तुम्ही किती मॅनेजरांना जाऊन भेटलात. बहुतेक जण रील किती टाकल्या ते सांगतात.

बाबांचं नंदनवनात छोटं बिछायत केंद्र होतं. खुर्च्या, गाद्या, कनाती, मोठी भांडी. सुट्टीत मी टेम्पोत बसून सोबत जायची, त्यामुळे मांडवाच्या मागची बाजू मला समोरच्या बाजूपेक्षा आधी कळली. घरचे लोक लग्न एकदा करतात. मॅनेजर, डेकोरेशनवाला, केटरर, फोटोग्राफर, साऊंडवाला हे मात्र सीझनभर रोज तिथंच असतात. मुलीच्या वडलांना डीजे हवा असला की ते यांच्यापैकीच कोणाला तरी विचारतात, आणि तो माणूस ज्याच्यामुळे आपल्याला त्रास झाला नाही अशाच एकाचं नाव सांगतो.

म्हणून घरी कंट्रोलरवर (डीजेच्या गाणी मिसळायच्या मशीनवर) हात बसला की एक सीझन एखाद्या साऊंडवाल्यासोबत फिरा. केबल गुंडाळा, स्पीकरचे बॉक्स उचला, मिक्सरवर कोणती वायर कुठं जाते ते पाहा. मी हे केलं. एका मे महिन्यात आमचा ऑपरेटर आजारी पडला, मानेवाड्यात हळद होती आणि साऊंडवाले दादा म्हणाले, "तू वाजवून घेशील का?" तिथं मला पहिले पंधराशे रुपये मिळाले. त्याच हळदीत आलेल्या एका मावशींनी पुढच्या महिन्यात स्वतःच्या घरी बोलावलं. हळद आणि लेडीज संगीत ही सुरुवातीची फार चांगली जागा आहे. दिवसाचा कार्यक्रम असतो, पन्नास-साठ माणसं असतात, चूक झाली तर सावरता येते. मुलींना तर इथं बायका मुद्दाम बोलावतात, मोकळेपणानं नाचता येतं म्हणून.

आता फोनवरचं बोलणं. आपल्याकडे "डीजे पाहिजे" म्हणणाऱ्या दहा जणांतल्या निम्म्यांना साऊंडचे बॉक्स हवे असतात, वाजवणारा कोण याचा त्यांनी विचारच केलेला नसतो. पैसे सांगण्याआधी विचारून घ्या: साऊंड कोणाचं, बॉक्स किती, टेबल आणि लाइट कोण देणार, जनरेटर आहे का, कार्यक्रम उघड्या लॉनवर की हॉलमध्ये, वरातीला वाजवायचं की फक्त स्टेजला, माइक कोणाच्या हातात राहणार. हे सगळं ठरलं की व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा आणि अॅडव्हान्स घ्या. एका आयोजकानं माझ्याकडून नवरात्राचे नऊ दिवस गरबा वाजवून घेतला आणि शेवटच्या चार दिवसांचे पैसे दिले नाहीत. सगळं तोंडी ठरलं होतं, दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. त्यानंतर एका ओळीचा का होईना, लेखी मेसेज गेल्याशिवाय मी तारीख धरत नाही. फुकट वाजवायचं असेल तर जागा तुम्ही निवडा: ओळखीच्या घरची हळद, कॉलेजचा कार्यक्रम. "पुढच्या वेळी देऊ" म्हणणाऱ्या आयोजकासाठी फुकट वाजवू नका, कारण पुढच्या वेळीही तो तुम्हाला फुकटवालाच समजतो.

वेळ पाळण्याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण नागपुरात काम टिकतं ते यावर. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. त्यानुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा आहे. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवतालचा १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र असू शकतो, म्हणून लॉनच्या शेजारी काय आहे ते दिवसा जाऊन पाहून या. सरकार वर्षातल्या काही मोजक्या दिवशी बारापर्यंत सूट देतं, पण ती सणांसाठी असते, आपल्या लग्नासाठी नाही.

अडचण अशी की गोरज मुहूर्त साडेसहाचा असला तरी वरात साडेसातला दारात येते, लग्न लागायला नऊ होतात आणि तुम्ही दोन तासांचा तयार केलेला गाण्यांचा सेट पन्नास मिनिटांवर येतो. मी प्रत्येक लग्नासाठी दोन याद्या करते, एक पूर्ण आणि एक पंचेचाळीस मिनिटांची. छोट्या यादीत आधी मामा-मावश्यांची जुनी गाणी तीन, मग मराठी दोन, मग पंजाबी, आणि साडेनऊला सगळ्यात जोरदार भाग. नऊ पन्नासला शेवटचं गाणं, त्याआधी माइकवर दोनदा सांगून. असं केलं की बंद होणं कोणाला अचानक वाटत नाही.

बेसा रोडच्या एका लग्नात नवरदेवाचे काका टेबलापाशी येऊन उभे राहिले. "काहून बंद केलं? एक गाणं लाव न, पैसे वेगळे देतो." मी म्हटलं, "काका, लॉनवर केस झाली तर उद्याच्या लग्नघरच्यांचं काय?" आणि फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, खाली आणला. ते रागावून गेले. मॅनेजर काका मागे खुर्चीवर बसून होते, काही बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात त्यांच्याकडून तीन तारखा आल्या.

गाण्यांच्या बाबतीत नागपूर अवघड आहे, आणि हीच आपली कमाई आहे. एकाच वऱ्हाडात बालाघाट-छिंदवाड्याचे पाहुणे हिंदी मागतात, चंद्रपूरकडचे तेलुगू मागतात. जरीपटक्यात सिंधी लग्न असेल तर लाडे, म्हणजे त्यांची लग्नगीतं, लागतात, गुजराती घरात गरबा. घरच्यांशी आधी दहा मिनिटं फोनवर बोला आणि विचारा की आजी कोणत्या गाण्यावर उठतात. तेवढं एक गाणं बरोबर वेळेला लागलं तर सगळं घर तुमचं होतं. १४ एप्रिलच्या मिरवणुकीसाठी बोलावणं आलं तर भीमगीतांचं वेगळं फोल्डर ठेवा, शब्द स्वच्छ ऐकू येतील असं वाजवा आणि मध्ये सिनेमाचं गाणं घुसवू नका. ही दीक्षाभूमीची नगरी आहे. त्या दिवशी लोक गाण्याचा प्रत्येक शब्द ऐकत असतात.

प्रमोशनचं थोडक्यात. व्हॉट्सअॅप स्टेटस हे आपलं खरं पोस्टर आहे, कारण मॅनेजर, केटरर, फोटोग्राफर सगळे तेच पाहतात. दर कार्यक्रमाचा एकच व्हिडिओ टाका, तीस सेकंदांचा, आणि कॅमेरा तुमच्या चेहऱ्यावर नको, नाचणाऱ्यांवर असू द्या. घरच्यांची परवानगी घेऊन, आणि लहान मुली असतील तर तो भाग कापून. इन्स्टावर गाणं असलेली रील कॉपीराइटमुळे म्यूट होऊ शकते, म्हणून त्यात लोकांचा आरडाओरडा, टाळ्या असू द्या आणि गाण्याचे तुकडे लहान ठेवा. पूर्ण मिक्स (गाणी एकमेकांत जोडून केलेलं सलग रेकॉर्डिंग) ऐकवायचा असेल तर मिक्सक्लाउड या साइटवर चढवा, ती जागा मिक्ससाठीच आहे. गूगलवर स्वतःची प्रोफाइल काढा आणि ज्यांचं काम केलं त्यांना दुसऱ्या दिवशीच रिव्ह्यू मागा. आठवड्यानं कोणी लिहीत नाही.

क्लब आणि हॉटेलच्या बारमध्ये वाजवायचं असेल तर शनिवारी रात्री अकराला मॅनेजरशी बोलायला जाऊ नका. मंगळवारी किंवा बुधवारी संध्याकाळी पाच-सहाला जा, तेव्हा तो हिशेब करत बसलेला असतो. तीस मिनिटांचा मिक्स पाठवा, त्याहून मोठा कोणी ऐकत नाही. पहिल्यांदा तुम्हाला नऊ ते साडेदहा अशी वॉर्मअपची, म्हणजे मुख्य डीजेच्या आधीची, वेळ मिळेल. तेव्हा लोक जेवत असतात, बोलत असतात. १०० ते ११५ बीपीएममध्ये (मिनिटाला तेवढे ठोके) राहा आणि मुख्य डीजेची हिट गाणी त्याच्यासाठी ठेवा. यूएसबी दोन न्या, फॅट३२ फॉरमॅट केलेल्या, रेकॉर्डबॉक्स या डीजेच्या सॉफ्टवेअरमधून गाणी एक्स्पोर्ट करून. हेडफोन स्वतःचे. मिक्सरवर लाल दिवे पेटू देऊ नका, आवाज कमी वाटला तर साऊंडवाल्याला सांगा. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं तेव्हा हॉटेलं भरलेली असतात. त्या आठवड्यांत भेटायला जाण्यात अर्थ नाही, आधीच जाऊन या.

गाणी वाजवायच्या लायसन्सचा प्रश्न हमखास येतो. लग्न आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये सूट आहे. ३१ डिसेंबरची तिकिटाची पार्टी किंवा कंपनीचा कार्यक्रम त्यात बसत नाही, तिथं आयोजकानं लायसन्स घेतलं आहे का ते आधी विचारा.

उन्हाळ्याची गोष्ट इथं वेगळी सांगावी लागते. पारा ४५ वर असताना दुपारच्या हळदीत लॅपटॉप पत्र्याखाली तापतो आणि मध्येच बंद पडतो. त्याच्यासाठी सावली आणि खाली हवा जाईल असा स्टँड हवा. जम्बो कूलरच्या झोतात टेबल कधीच लावू नका, त्याचे तुषार थेट कंट्रोलरवर येतात. माझे दोन फेडर असेच गेले. कूलर ज्या बोर्डावर आहे त्यावर तुमचं कनेक्शन घेऊ नका, मोटर सुरू होताना व्होल्टेज पडतं आणि बॉक्समधून घरघर येते. बाबांनी मला घेऊन दिलेली पंचवीस मीटरची एक्स्टेन्शन मी अजूनही डिक्कीत ठेवते. रात्री परत येताना मुलींनी घरच्या माणसाची गाडी किंवा स्वतःचा ठरलेला ऑटोवाला ठेवावा आणि त्याचे पैसे मानधनात धरावेत. त्याचा संकोच करू नका.

निघताना टेबलाखालचा कचरा उचला, साऊंडवाल्याची केबल त्याला हातात द्या, दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरला एक मेसेज टाका. भेटायला जाण्याची सगळ्यात चांगली वेळ मात्र दिवाळी संपून तुळशीचं लग्न लागायच्या मधली आहे. लॉनवर तेव्हा स्टेजला रंग चालू असतो, खुर्च्या धुवून वाळत घातलेल्या असतात, आणि मॅनेजर चहा पीत तारखांची वही उघडून बसलेला असतो. त्याच्याजवळ तेव्हा वेळ असतो, आणि वहीतही बरीच पानं कोरी असतात.