अमेरिकेतल्या स्थानिक टीव्ही स्टेशनचा इतिहास कसा जुळवावा

सुरुवात नावापासून करू नका. अमेरिकेत स्टेशनची ओळख तीन गोष्टींनी ठरते: शहर आणि चॅनेल नेमून देणारा परवाना, डब्ल्यू किंवा के या अक्षराने सुरू होणारं कॉल साइन, म्हणजे स्टेशनचं अधिकृत अक्षरी नाव, आणि ज्याचे कार्यक्रम ते दाखवतं ते नेटवर्क. या तिन्ही गोष्टींत वेगवेगळ्या तारखांना बदल होतात. पण चॅनेल बदललं तरी परवाना तोच टिकून राहतो, म्हणून धागा त्याचाच धरायचा.

पिट्सबर्गचं उदाहरण घ्या. ड्युमॉन्ट या तेव्हाच्या नेटवर्क कंपनीचं डब्ल्यूडीटीव्ही ११ जानेवारी १९४९ ला चॅनेल ३ वर सुरू झालं आणि १९५२ मध्ये चॅनेल २ वर गेलं. पुढे वेस्टिंगहाउस कंपनीने ते विकत घेतलं आणि १९५५ मध्ये त्याचं केडीकेए-टीव्ही झालं. आज डब्ल्यूडीटीव्ही म्हणून शोधलं तर वेस्ट व्हर्जिनियातल्या वेस्टनचं चॅनेल ५ सापडतं, ज्याचा पिट्सबर्गच्या त्या परवान्याशी काही संबंध नाही. मिनियापोलिसचं चॅनेल ११ आधी डब्ल्यूटीसीएन होतं, १९८५ मध्ये डब्ल्यूयूएसए झालं आणि १९८६ मध्ये केएआरई. त्याच वर्षी डब्ल्यूयूएसए ही अक्षरं वॉशिंग्टनच्या चॅनेल ९ कडे गेली. नावावरून कात्रणं गोळा केली, तर दोन शहरांचा इतिहास एकाच फाइलमध्ये जाऊन बसतो.

म्हणून आधी एक तक्ता आखा. रकाने सहा पुरेत: तारीख, चॅनेल, कॉल साइन, मालक, नेटवर्क आणि माहिती कुठून मिळाली. शेवटचा रकाना कधीच रिकामा सोडू नका. दोन ठिकाणी दोन तारखा मिळाल्या की निवाडा त्याच्याच आधारे करायचा असतो.

मूळ कागद एफसीसीकडे, म्हणजे परवाने देणाऱ्या अमेरिकी सरकारी आयोगाकडे, असतात. स्टेशनची जुनी हिस्टरी कार्डं स्कॅन करून ऑनलाइन ठेवलेली आहेत. बांधकामाचा परवाना, शक्तिवाढ, मालकीबदल, कॉल साइनमधला बदल या सगळ्यांच्या नोंदी तिथे तारखेनिशी मिळतात. हल्लीच्या नोंदी शोधताना कॉल साइनऐवजी फॅसिलिटी आयडी, म्हणजे एफसीसीने स्टेशनला दिलेला क्रमांक, टाका. नाव बदललं तरी हा आकडा तोच राहतो. जोडीला ‘ब्रॉडकास्टिंग इयरबुक’ या स्टेशनांच्या सूचीचे वार्षिक अंक पाहा. वर्ल्ड रेडिओ हिस्टरी या संकेतस्थळावर ते फुकट वाचता येतात. मात्र वार्षिक अंकातली माहिती छपाईच्या बरीच आधी गोळा केलेली असते. १९५५ च्या अंकात दिसणारं नेटवर्क प्रत्यक्षात १९५४ चं असू शकतं, तेव्हा वर्ष ठरवण्यासाठी फक्त त्यावर विसंबू नका.

‘स्टेशन कधी सुरू झालं’ या प्रश्नाला निदान चार उत्तरं असतात: बांधकामाचा परवाना मिळाला तो दिवस, टेस्ट पॅटर्न (चाचणीचं स्थिर चित्र) दिसू लागला तो दिवस, पहिला नियमित कार्यक्रम झाला तो दिवस आणि पक्का परवाना हाती आला तो दिवस. चारही लिहा. वाचकाला सांगायची तारीख मात्र पहिल्या नियमित कार्यक्रमाची, आणि ती त्या दिवसाच्या स्थानिक वर्तमानपत्रातून पडताळून घ्यायची. ३० सप्टेंबर १९४८ ते एप्रिल १९५२ या काळात एफसीसीने नवे परवाने गोठवले होते. त्या काळात एखादं स्टेशन सुरू झालेलं दिसलं तर त्याचा बांधकामाचा परवाना गोठवणुकीआधीचा असणार. १९५२ नंतर यूएचएफ, म्हणजे जास्त वारंवारितेवरची, चॅनेलं आली, पण घरोघरच्या बहुतेक सेटवर ती दिसतच नव्हती. नव्या सेटमध्ये यूएचएफची सोय सक्तीची झाली ती १९६४ मध्ये. पन्नाशीच्या दशकातली कितीतरी यूएचएफ स्टेशनं वर्ष-दोन वर्षांत बंद पडली, त्यामागे हे मोठं कारण होतं.

आता कार्यक्रम. वर्षातले दोनच आठवडे निवडा, एक जानेवारीच्या मध्यातला आणि एक ऑक्टोबरच्या अखेरचा. सप्टेंबर टाळा, कारण नवा हंगाम तेव्हा नुकताच सुरू झालेला असतो आणि वेळा अजून बदलत असतात. स्थानिक वर्तमानपत्राचं टीव्हीचं पान किंवा ‘टीव्ही गाइड’ची त्या भागाची आवृत्ती घेऊन अर्ध्या-अर्ध्या तासाचा तक्ता भरा. ‘टीव्ही गाइड’ एप्रिल १९५३ पासून देशभर निघू लागलं, पण कार्यक्रमांची पानं प्रत्येक भागासाठी वेगळी असत. जुना अंक विकत घेताना तारखेइतकंच आवृत्तीचं नावही तपासा.

तक्त्यातल्या प्रत्येक चौकटीवर खूण करा: नेटवर्कचा, सिंडिकेशनचा (नेटवर्कबाहेर स्टेशनांना सुटा विकलेला) की स्थानिक. गल्लत सगळ्यात जास्त इथे होते. ‘रोम्पर रूम’सारखा मुलांचा कार्यक्रम अनेक शहरांत एकाच नावाने चाले, पण बऱ्याच ठिकाणी निवेदिका आणि स्टुडिओ त्या-त्या स्टेशनचे असत. अशा चौकटीवर ‘फ्रँचाइझी, स्थानिक निर्मिती’ असंच लिहायला हवं. संध्याकाळी साडेसातची वेळही नीट बघा. १९७१ च्या हंगामापासून प्राइम टाइम ॲक्सेस रूलमुळे मोठ्या ५० बाजारपेठांतल्या नेटवर्कशी संलग्न स्टेशनांवर नेटवर्कचे कार्यक्रम संध्याकाळच्या मुख्य वेळेत तीन तासांपुरते मर्यादित झाले. मोकळ्या झालेल्या अर्ध्या तासात गेम शो आणि स्थानिक मॅगझिन-कार्यक्रम (छोट्या-छोट्या वृत्तकथांचे) आले. स्टेशनचा स्वभाव कळायला ही चौकट फार उपयोगी पडते. हा नियम १९९६ मध्ये उठला.

वेळांच्या बाबतीत तीन ठिकाणी पाय घसरतो. देशात वेगवेगळे कालविभाग असल्याने पूर्व भागातला आठचा कार्यक्रम मध्य भागात सातला लागतो आणि रात्रीच्या बातम्या अकराऐवजी दहाला. १९६७ च्या आधी उन्हाळी वेळ (उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करणं) पाळायची की नाही हे ठिकठिकाणी वेगळं ठरे. त्यामुळे एप्रिलमध्ये सगळे कार्यक्रम एकदम तासाने सरकलेले दिसले तर स्टेशनने वेळापत्रक बदललं असं मानू नका. तिसरं म्हणजे, सप्टेंबर १९५१ मध्ये नेटवर्कची जोडणी किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत पोचली, तोवर पश्चिमेकडची स्टेशनं नेटवर्कचे कार्यक्रम किनेस्कोपच्या, म्हणजे टीव्हीच्या पडद्यावरून टिपलेल्या, फिल्मवरून दाखवत. न्यूयॉर्कमधला कार्यक्रम तिथे काही दिवसांनी दिसे.

छापील पान म्हणजे ठरवलेला बेत, झालेलं प्रक्षेपण नव्हे. २२ ते २५ नोव्हेंबर १९६३ या दिवसांची पानं तर कामाचीच नाहीत. केनेडींच्या हत्येनंतर नेटवर्कांनी नेहमीचे सगळे कार्यक्रम थांबवले होते.

नेटवर्क बदलाच्या नोंदींसाठी दोन काळ बारकाईने तपासा: १९९४ ते ९६, जेव्हा न्यू वर्ल्ड कंपनीची स्टेशनं फॉक्स नेटवर्ककडे वळली (अटलांटाचं डब्ल्यूएजीए डिसेंबर १९९४ मध्ये सीबीएस सोडून गेलं), आणि सप्टेंबर २००६, जेव्हा यूपीएन आणि डब्ल्यूबी ही नेटवर्कं बंद होऊन सीडब्ल्यू सुरू झालं.

चित्रफीत मिळेल या आशेवर आराखडा बांधू नका. सुरुवातीचे स्थानिक कार्यक्रम थेट होत आणि हवेतच विरत. १९५६ मध्ये ॲम्पेक्सची दोन इंची टेप आली, पण ती महाग असल्याने पुसून पुन्हा वापरली जाई. वाचण्याची शक्यता जास्त ती १६ मिमी बातम्यांच्या फिल्मची, म्हणून राज्याची हिस्टॉरिकल सोसायटी आणि जवळच्या विद्यापीठाचं ग्रंथालय आधी विचारा. डबा उघडताच व्हिनेगरसारखा वास आला तर फिल्म प्रोजेक्टरवर चढवू नका. ॲसिटेटचा थर कुजू लागलेला असतो, फिल्म आखडते आणि दातऱ्यांत फाटते.

१२ जून २००९ ला मोठ्या स्टेशनांचं ॲनालॉग प्रक्षेपण बंद होऊन फक्त डिजिटल उरलं. त्यानंतरच्या नोंदींत चॅनेलचे दोन रकाने करा. पडद्यावरचा आकडा आणि खरी वारंवारिता आता बहुधा वेगळी असते. शिकागोचं डब्ल्यूजीएन प्रेक्षकाला ९.१ वर दिसतं, पण प्रक्षेपण होतं चॅनेल १९ वरून.