घरखर्चाचं ॲप घ्यायच्या आधी पासबुक भरून आणा

एक तारखेपासून हिशोब नीट ठेवायचा असं ठरवलं असेल तर ॲप डाउनलोड करायची घाई नको. आधी पासबुक भरून आणा किंवा नेटबँकिंगवरून मागच्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट काढा, आणि पीडीएफपेक्षा एक्सेल किंवा सीएसव्ही मिळत असेल तर तेच घ्या, पुढे सॉफ्टवेअरमध्ये चढवायला सोपं जातं. मग घरात खाती किती ते एका कागदावर लिहा, पगाराचं, आईसोबतचं जॉइंट, पतसंस्थेतलं, क्रेडिट कार्ड, आणि पाकिटातली नि किचनच्या डब्यातली रोख, तेही खातंच धरायचं. एटीएममधून २,००० काढले म्हणजे खर्च झाला नाही, पैसे एका खात्यातून दुसऱ्यात गेले. क्रेडिट कार्डाचं बिल भरलं की तसंच, नाहीतर एकच किराणा दोनदा मोजला जातो.

आता चेकबुक. आमच्याकडे चेक दोनच ठिकाणी जातो, सोसायटीचा मेंटेनन्स आणि मुलीच्या क्लासची फी, पण गोंधळ तिथेच होतो. गेल्या वर्षी सोसायटीला ५ तारखेला दिलेला चेक त्यांनी बँकेत टाकला २३ ला, मधे मी फोनवर बॅलन्स बघून पैसे आहेत म्हणून वॉशिंग मशीन घेतलं आणि चेक परत आला, वर दंड. फार लाजल्यासारखं झालं. म्हणून दिलेले पण न वटलेले चेक नंबर, तारीख, रक्कम टाकून वेगळे लिहून ठेवाच. चेक लिहिलेल्या तारखेपासून तीन महिने चालतो (२०१२ च्या एप्रिलच्या आधी सहा महिने चालायचा), तोवर ते पैसे आपले नाहीत असं धरून चाला.

सॉफ्टवेअर बघताना माझं मत स्पष्ट आहे, रंगीत चार्ट नंतर, आधी बँकेशी ताळा जुळवता येतो का ते बघा. कॉम्प्युटर असेल तर ग्नूकॅश फुकट आहे, त्यात स्टेटमेंटची तारीख आणि शेवटची शिल्लक टाकायची, मग वटलेल्या नोंदींवर एकेक टिक करत जायचं, फरक शून्य झाला की महिना बंद. जमा-नावे पद्धत आहे, म्हणजे प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत नोंदवायचा, एकात जमा, दुसऱ्यात नावे, त्यामुळे पहिले आठ दिवस जड जातं, पण बसतं. ते नको असेल तर साधी एक्सेलची शीट, तारीख, तपशील, नावे, जमा, शिल्लक आणि "वटला का" असा एक कॉलम, एवढ्यात घर चालतं.

एसएमएस वाचून आपोआप नोंद करणाऱ्या ॲपवर मात्र पूर्ण भरवसा ठेवू नका. काही बँका छोट्या यूपीआय रकमांचे मेसेज पाठवतच नाहीत आणि यूपीआय लाइटने, म्हणजे छोट्या रकमांसाठी फोनमध्ये आधी पैसे भरून ठेवायच्या वॉलेटमधून, दिलेला चहा-भाजीचा खर्च स्टेटमेंटमध्ये एकेक दिसत नाही, फक्त वॉलेट भरल्याची एक एन्ट्री दिसते, म्हणजे रोजचा किरकोळ खर्च नेमका तिथूनच निसटतो. नेटबँकिंगचा पासवर्ड मागणारं ॲप असेल तर लगेच काढून टाका. आणि आपला डेटा बाहेर काढता येतो का ते पैसे भरायच्या आधीच तपासा, अमेरिकेतलं मिंट नावाचं हिशोबाचं ॲप लाखो लोक वापरत होते, तेही २०२४ मध्ये बंद झालं.

आपोआप कटणाऱ्या रकमांची यादी पण आत्ताच करा: ईएमआय, एसआयपी, डेबिट कार्डाची वार्षिक फी, एसएमएसचे चार्जेस, आणि मे-जूनच्या सुमारास जीवन ज्योती विम्याचे ४३६ नि सुरक्षा विम्याचे २०, हे बरेच जण विसरतात. रोज नोंद कोण करणार तेही घरात बोलून ठरवा. आमच्याकडे दूधवाल्याचा आणि इस्त्रीचा हिशोब सासूबाईंकडे कॅलेंडरवरच असतो, मी तो रविवारी चढवते.

सुरुवात करायच्या दिवशी प्रत्येक खात्याची पासबुकातली शिल्लक आरंभीची म्हणून टाका, आधी दिलेले न वटलेले चेक त्यातून वजा करून नाही, वेगळी नोंद म्हणून. पहिल्या महिन्यात बँकेच्या आणि आपल्या शिल्लकेत फरक येईलच. त्याला ९ ने पूर्ण भाग गेला तर बहुतेक कुठेतरी आकडे उलटे पडलेत, ५४० च्या जागी ४५०, आणि तसं नसेल तर फरकाच्या बरोबर निम्म्या रकमेची नोंद शोधा, ती जमेऐवजी नावे पडलेली असू शकते.