फळ घातलेली, ओकच्या पिंपात मुरलेली आंबट बिअर कशी चाखावी

पहिल्या घोटाला ही बिअर दात आंबवते आणि बरेचजण तिथेच थांबतात. ‘फारच आंबट’ म्हणून पेला बाजूला सारतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण त्या पेल्यात एक, दोन, कधी तीन वर्षांचं काम असतं. ते काम फळानं केलेलं असतं, लाकडानं केलेलं असतं आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांनी केलेलं असतं. आंबटपणा सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्यानं बोलतो, म्हणून बाकीच्यांचं ऐकू येत नाही, इतकंच. थोडा धीर धरला आणि कशाकडे कधी लक्ष द्यायचं हे कळलं, तर प्रत्येकाचा आवाज वेगळा ऐकू येतो.

आधी पेल्यात काय आहे ते समजून घ्या

साधी बिअर यीस्ट आंबवतं आणि ते काम काही दिवसांत किंवा आठवड्यांत उरकतं. इथे यीस्टच्या जोडीला लॅक्टोबॅसिलस आणि पेडिओकॉकस हे जीवाणू असतात. दुधाचं दही होताना जे लॅक्टिक आम्ल तयार होतं, तेच हे जीवाणू बिअरमध्ये तयार करतात. शिवाय ब्रेटानोमायसीस नावाचं एक चिवट यीस्ट असतं. साध्या यीस्टला न पचणाऱ्या साखराही ते महिनोन् महिने सावकाश खात बसतं. कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेतल्या क्लॉसन या शास्त्रज्ञानं १९०४ मध्ये त्याला हे नाव दिलं. इंग्लंडच्या मुरवलेल्या बिअरमध्ये ते सापडलं होतं, म्हणून नावाचा अर्थ ‘ब्रिटिश बुरशी’ असा. जाणकार त्याला नुसतं ‘ब्रेट’ म्हणतात.

या बिअरचं माहेर बेल्जियम. ब्रुसेल्स आणि त्याच्या आसपासच्या सेन नदीच्या खोऱ्यात लॅम्बिक बनते. धान्याचा उकळलेला रस रुंद, उथळ हौदात रात्रभर उघडा ठेवतात, हवेतले आणि वास्तूतले सूक्ष्मजीव त्यात उतरतात, आणि मग तो रस लाकडी पिंपांत मुरत पडतो. त्यात आंबट चेरी घातली की क्रीक, रासबेरी घातली की फ्रांबोआज. बेल्जियमच्याच फ्लँडर्स या भागात लालसर आंबट बिअर उभ्या, प्रचंड ओक पिंपांत मुरवतात. तिथली रोडेनबाख ही ब्रुअरी १८२१ पासूनची आहे. आता या पद्धतीच्या बिअर जगभर होतात आणि पीच, जर्दाळू, द्राक्षं, प्लम अशी कितीतरी फळं त्यात पडतात.

एक गोष्ट मात्र चाखण्याआधीच मनाशी पक्की करा. फळ पिंपात गेलं की त्यातली साखर आंबून संपते. उरतो फळाचा रंग, वास, त्याचं आम्ल आणि सालीचा तुरटपणा. नाक म्हणतं चेरी, म्हणून जीभ गोडाची वाट बघत बसते आणि गोड येतच नाही. नव्या माणसाची निराशा होते ती याच ठिकाणी. गोड करून विकली जाणारी फळांची आंबट बिअरही असते. तिला मी नावं ठेवत नाही, पण ती चीज वेगळी. म्हणून बाटलीवरचा मजकूर आधी वाचा.

बाटली आणि पेला

आडवी ठेवलेली बाटली चाखण्याच्या आदल्या दिवशी उभी करा, म्हणजे गाळ तळाला बसेल. बिअर १० ते १३ अंश सेल्सिअसला असावी. फ्रिजमधली असेल तर वीस-पंचवीस मिनिटं आधी बाहेर काढा. फार थंड बिअरचा वास मिटून जातो आणि आंबट व तुरट तेवढं टोचत राहतं.

बऱ्याच बाटल्यांना तारेनं बांधलेलं बूच असतं आणि आत दाब जबरदस्त असतो. बाटली कुणाच्याही तोंडाकडे रोखू नका. बूच एका हातात घट्ट धरून दुसऱ्या हातानं बाटली हळूहळू फिरवा. ओतायला लागल्यावर शक्यतो एका दमात सगळे पेले भरून घ्या. बाटली दर वेळी सरळ केली की तळचा गाळ वर उठतो. गाळ अपायकारक नसतो. मी तो शेवटी वेगळ्या छोट्या पेल्यात घेते, त्यात पिठाळ, कडसर अशी वेगळीच चव असते.

पेला तोंडाशी निमुळता हवा. ट्यूलिपच्या आकाराचा किंवा वाइनचा चालेल, आणि तो एक तृतीयांशच भरा. साबणाचा वास राहिलेला पेला सगळं बिघडवतो, म्हणून तो गरम पाण्यानं पुन्हा विसळून घ्या. त्या दिवशी अत्तर नको आणि खोलीत उदबत्तीही नको.

बघण्यात फार वेळ घालवू नका

रंग उजेडात धरून बघा. लाल फळाची बिअर ताजी असताना माणकासारखी असते, जुनी होताना विटकरी, तपकिरी होत जाते. फेस भराभर विरला तर तो दोष समजू नका, या बिअरमध्ये तसं सर्रास होतं. एकच गोष्ट मात्र जरूर बघा. ओतताना बिअर अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार धरत असेल, तर ती अजून तयार नाही. ते पेडिओकॉकसचं काम असतं. ब्रेटला वेळ मिळाला की ही तार पुढे तुटते.

हुंगा, घाई न करता

इथे वेळ द्या, जिभेला द्याल त्याहूनही जास्त.

पहिल्यांदा पेला न हलवता, छोटासा श्वास घेऊन हुंगा. फळ इथे भेटतं. ते ताजं आहे की शिजवल्यासारखं, जॅमसारखं? चेरी असेल तर बदामाचा वास शोधा. पारंपरिक पद्धतीत चेरी बियांसकट पिंपात जाते आणि त्या बियांमधून हा वास उतरतो. रासबेरीचा सुगंध फार हळवा असतो, वर्षभरात फिका पडतो, तेव्हा ती बाटली साठवून ठेवू नका. चेरी त्या मानानं टिकाऊ.

मग पेला हलकेच घुसळा आणि लाकूड शोधा. ओकमधून व्हॅनिलाचा, नारळाचा, लवंगेचा वास येतो. पिंप करताना फळ्या आतून भाजलेल्या असतील तर भाजलेल्या पावाचा किंवा पुसट धुराचाही येतो. अमेरिकन ओक नारळाकडे जास्त झुकतो. पण व्हॅनिला नाही म्हणजे लाकूडच नाही, असं समजू नका. अनेकदा वापरलेलं जुनं पिंप वास जवळजवळ देतच नाही. त्याचं काम दुसरंच असतं. ते फळ्यांच्या छिद्रांमध्ये सूक्ष्मजीवांना घर देतं आणि त्यांच्यापुरती थोडी हवा आत येऊ देतं. मला स्वतःला अशी जुन्या पिंपातली बिअरच जास्त भावते, कारण तिथे लाकूड फळावर कुरघोडी करत नाही.

तिसऱ्यांदा हुंगताना ब्रेट ओळखा. वाळलेलं गवत, चामडं, तबेला, जुन्या लाकडी घराची कोंदट हवा, असे हे वास. ऐकून नाक मुरडाल, पण मागे बेताचे असले की फळाला खोली येते. पहिल्या क्षणी ते अंगावर आले तर पेला दहा मिनिटं ठेवून द्या. पुष्कळदा निवळतात.

आणि नाकात झिणझिणी आली तर? ते व्हिनेगारमधलं ॲसिटिक आम्ल. हवा जास्त लागली की ते वाढतं. फ्लँडर्सच्या लाल बिअरमध्ये त्याची किंचित धार शोभते. पण नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास बाकी सगळ्याला झाकून टाकत असेल, तर ती बाटली बिघडली आहे. त्यात स्वतःच्या जिभेला दोष देऊ नका.

पहिला घोट सोडून द्या

पहिला घोट फक्त तोंडाला ओळख व्हावी म्हणून घ्या. त्यावरून मत बनवू नका. साध्या बिअरचा पीएच साधारण ४ ते ४.५ असतो, या बिअरचा ३ ते ३.५ च्या घरात. पीएच एकानं उतरला की आम्लता दहापट वाढते, तेव्हा जीभ दचकणारच. साध्या पाण्याचा एक घोट घ्या आणि मग दुसरा घोट बिअरचा.

हा घोट पाच सेकंद तोंडात धरून सगळीकडे फिरवा. मी एकदा चेरीची, दीड वर्ष पिंपात राहिलेली बिअर शेजारी घड्याळ ठेवून चाखली होती. आधी जिभेच्या कडांना लिंबासारखी चुणचुण झाली. तिसऱ्या सेकंदाला ती गोल झाली, दह्याच्या निवळीसारखी. मग बुडबुडे फुटले आणि त्यांच्यासोबत चेरीची साल आली, तिच्या कडसर कडेसह. गिळल्यावर पंधरा-वीस सेकंदांनी बदाम आला. तुरटपणा मात्र सगळ्यांच्या शेवटी येऊन हिरड्यांवर बसला. एका घोटात एवढं सगळं होतं, पण ते क्रमानं होतं. म्हणून तुम्हीही ‘काय लागलं’ यापेक्षा ‘कधी लागलं’ याकडे लक्ष द्या.

आंबटाचे प्रकारही असेच वेगळे करता येतात. लॅक्टिक आम्लाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. ते जिभेवर सपाट, मऊ पसरतं. ॲसिटिक मात्र नाकात आणि घशात चढतं, कधी ठसकाही लागतो. फळाचं आम्ल लख्ख असतं, पटकन चमकतं आणि ओसरतं.

आंबट आणि तुरट यांची गल्लत तर जवळजवळ सगळेच करतात. ती सोडवायला सोपी परीक्षा आहे. गिळल्यावर जीभ गालांच्या आतून आणि वरच्या हिरड्यांवरून फिरवा. तोंडाला पाणी सुटलं असेल तर तो आंबटपणा. तोंड कोरडं, खरखरीत झालं असेल, फार वेळ उकळलेला कोरा चहा प्यायल्यासारखं, तर तो तुरटपणा, टॅनिन नावाच्या द्रव्याचा. ते ओकमधून येतं, तसंच फळांच्या साली-बियांमधूनही येतं. दोन्ही एकाच वेळी जाणवले तर फारच छान, पिंप आणि फळ दोन्ही पेल्यात हजर आहेत.

आता नाक चिमटीत धरून एक घोट घ्या आणि गिळून झाल्यावर नाक सोडा. तोवर नुसतं आंबट-तुरट पाणी होतं, आणि एकदम फळ आत धावत येतं. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मी लगेच तीनदा करून बघितलं होतं. ज्याला आपण फळाची चव म्हणतो त्यातला किती मोठा भाग वासाचा असतो, ते याहून स्पष्ट कुठेच कळत नाही.

गिळल्यावर तीस मोजा

काही बाटल्यांत एक दोष दडून बसतो, आणि तो वासात सापडत नाही. आम्लात तो उडत नाही, म्हणून नाकाला लागत नाही. घोट गिळल्यावर लाळेनं आम्ल सौम्य झालं की मग तो वर येतो. भिजलेल्या कोरड्या बिस्किटांसारखी किंवा उंदराच्या पिंजऱ्यासारखी चव घशाच्या मागे रेंगाळते. अशी एक बाटली आम्ही दोघी मैत्रिणींनी उघडली होती. मला दुसरा घोट घ्यावासा वाटेना आणि समोरचीला काहीच जाणवत नव्हतं. काहींना ही चव खरोखरच कळत नाही, तेव्हा ‘तुला लागली नाही म्हणजे नाहीच’ असा वाद घालू नये. हा दोष पुष्कळदा काळाबरोबर विरतो. त्याच खेपेची दुसरी बाटली मी वर्षभरानं उघडली तेव्हा ती स्वच्छ होती.

पेल्याला वेळ द्या

पेला संपवायची घाई नको. अर्ध्या तासात बिअर १५ अंशांच्या आसपास येते. थंड असताना पुढे असलेलं फळ थोडं मागे सरतं आणि लाकूड बोलू लागतं. दर दहा मिनिटांनी एकदा हुंगा आणि वहीत तीन शब्दांपुढे लिहीत जा: फळ, लाकूड, आंबण. भाषा सजवण्याची गरज नाही. ‘हिरवट चेरी, ओल्या फळीचा वास, घशात किंचित झोंबतं’ एवढं पुरे.

एकाहून जास्त बाटल्या असतील तर कमी आंबटाकडून जास्त आंबटाकडे जा आणि मधे कोरा पाव व पाणी घ्या. तीन-चारच्या वर चाखू नका, जीभ थकते आणि सगळं एकसारखं लागायला लागतं. जमलं तर फळ न घातलेली तीच बिअर आणि फळ घातलेली अशा दोन शेजारी ठेवा. फळानं काय दिलं, हे त्या दोन पेल्यांइतकं कुणीच समजावू शकणार नाही.

रिकाम्या पोटी ही बिअर नको, जळजळेल. नंतर पाण्यानं चूळ भरा, पण दात लगेच घासू नका. आम्लानं दातांचं वरचं कवच थोडा वेळ मऊ पडतं, म्हणून निदान अर्धा तास थांबा. चव कितीही हलकी वाटली तरी यात ५ ते ८ टक्के अल्कोहोल सहज असतं. चाखण्याच्या दिवशी गाडी घरी राहू द्या, आणि गर्भवती किंवा अल्पवयीन असाल तर ही बिअर तुमच्यासाठी नाही.

शेवटचं एक काम उरतं. पेला रिकामा झाला की लगेच धुऊ नका. तासाभरानं त्यात पुन्हा नाक घाला. फळ बहुतेक निघून गेलेलं असतं, आंबटपणाचाही मागमूस नसतो. तळाशी असतो तो सुकलेल्या, गोडसर लाकडाचा वास, आणि बिअर असताना ज्याला तुम्ही दहा मिनिटं शोधत होता तो हाच, हे तिथे ओळखू येतं.